धाकट्या दरवाजाचं पाणी

राच दुआ
१२ जानेवारी

दिएप,

फोनवर आपलं तीन मिनिटांच्या वर पटत नाही, म्हणून मेल लिहिते. लिहिताना निदान तुझं ते उत्तरेकडचं तुटक "बरं" ऐकावं लागत नाही.

काम असं आहे. आमच्या पाणी संघाला यंदा चार यंत्रं मिळाली. नदीतून बागांना पाणी घेणाऱ्या चार दरवाजांवर एकेक टांगलंय. दर तासाला ते पाण्यातलं मीठ मोजतं आणि आकडा कुठेतरी पाठवतं. तो कुठे बघायचा ते तंत्रज्ञ कागदावर लिहून देऊन गेला. उघडून बघितलं तर नुसत्या आकड्यांच्या रांगा. ऐंशी घरं, त्यातली निम्मी साठीपुढची. त्यांना ते वाचता येणार आहे का? फोन उघडला की हिरवं दिसलं पाहिजे, नाहीतर लाल. हिरवं म्हणजे दार उघडा, लाल म्हणजे बंद ठेवा. बा म्हणाले, "सैगॉनात बसून सून स्क्रीनाच बनवते ना? मग घरचं एक काम करायला तिला काय धाड भरलीय?"

काय पणाला लागलंय ते माझ्या धाकट्या भावाने, तुझ्या लामने, सांगितलं असेलच, तरी सांगते. चार वर्षांपूर्वी खारं पाणी आत आलं आणि गावातल्या दुरियानच्या फळबागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. त्यानंतर लावलेली झाडं यंदा पहिल्यांदा कळ्या धरतायत. २४ फेब्रुवारीला पुनव आहे. त्या भरतीनंतर पंधरा दिवस नदीत गोड पाणी नसेल. त्याआधी बागांचे पाट भरून घ्यायचे. लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या वर मीठ गेलं तर दार उघडायचं नाही. एकदा जरी चुकलं तरी गेली बाग.

आजवर हे चौथेकाका जिभेने ठरवायचे. तीस वर्षं दरवाजे त्यांच्याकडे आहेत. पण त्या वाईट साली त्यांना ताप होता, तोंडाला चव नव्हती, आणि ऐट अशी की कुणाला सांगितलं नाही. दार उघडलं. म्हणून ही यंत्रं.

चार दरवाजे: दुसरा, तिसरा, चौथा आणि धाकटा. लवकर कर.

तुझी दुसरीताई


सैगॉन
१७ जानेवारी

दुसरीताई,

बरं. (हे लिहूनच ऐकवते.)

काम सुरू केलंय. पहिल्यापासून बांधायला वेळ नाही, म्हणून एक तयार टेम्प्लेट घेतलं. ते मुळात दुकानदारांसाठी केलेलं. या महिन्याची विक्री किती, गिऱ्हाइकं किती, असलं सगळं. नवा प्रकल्प उघडून त्यात ते बसवलं आणि ते हटून बसलं. टेम्प्लेट तीन वर्षांपूर्वीचं, माझी हत्यारं आजची. एक जुना भाग बदलला की दुसरा रुसायचा. दोन दिवस मी नुसत्या पांढऱ्या स्क्रीनकडे बघत होते. लाम समुद्रातल्या तेलविहिरीवरून फोन करून विचारायचा, "जेवलीस का?" मी म्हणायचे, "अजून पान उघडलं नाही." त्याला वाटायचं मी केळीच्या पानात बांधलेल्या भाताबद्दल बोलतेय.

काल एकदाचं उघडलं. आधी टेम्प्लेटमधले नमुन्याचे आकडे एकूणएक पुसले, नाहीतर नदीच्या जागी कुठल्या तरी चपलांच्या दुकानाचा धंदा दिसायचा. वरच्या बाजूला चार चौकटी आहेत. चार चौकटी, चार दरवाजे, अगदी मापाने शिवल्यासारखं बसलं. यंत्रांकडून येणाऱ्या आकड्यांवर १, २, ३, ४ असे क्रमांक आहेत. तुमच्या यादीत दुसरा, तिसरा, चौथा आहेत, ते तसेच त्या त्या क्रमांकाला जोडले. पहिला नव्हता, धाकटा होता, म्हणून तो एक नंबरला टाकला. चुकलं असेल तर कळवा. अर्ध्या ग्रॅमच्या खाली हिरवं, वर लाल. खाली सात दिवसांचा आलेख.

बांना सांगा, धाड भरलेली नाही.

दिएप


राच दुआ
३० जानेवारी

दिएप,

तुझी स्क्रीन सगळ्यांच्या फोनवर आली. तुझ्या पत्रातली ती मधली हत्यारं-बित्यारं मी वाचली नाहीत, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण दिसतं झकास! धाकट्याला पहिल्या चौकटीत बसवलंस ते बघून बा हसले. म्हणाले, "सुनेला कळतं, शेंडेफळाचे लाड करायचे असतात." लामचा फोटो समोरच होता.

परवा संघाची बैठक झाली. ठरलं की यापुढे दरवाजे फक्त स्क्रीन बघून उघडायचे. चौथेकाका कोपऱ्यात बसले होते. कुणीतरी त्यांना म्हणालं, "काका, आता जिभेला सुट्टी. आता तिने फक्त जेवायचं." सगळे हसले, मीही हसले. काका उठले, चपला घातल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी दरवाजाच्या चाकाला तेल घालायला मात्र आले. त्यांच्याशी बोलताना मलाच अवघडल्यासारखं होतं, पण करू काय? एका माणसाच्या तोंडावर ऐंशी बागा सोडायच्या का?

पुढच्या महिन्यात आपल्या चांद्र नववर्षाला तुम्ही तुझ्या माहेरी जाताय असं कळलं. तुमचा तो पानात बांधलेला चौकोनी भात खाऊन या. आमचा दक्षिणेतला लांबट इथे वाट बघतोय.

दुसरीताई


नाम दिन्ह
१४ फेब्रुवारी

दुसरीताई,

नव्या वर्षात सगळ्यांची तब्येत चांगली राहो. इथे थंडी आणि बारीक पाऊस आहे. आई दर तासाला काहीतरी खायला घालते.

एक किरकोळ विचारायचं होतं. धाकट्या दरवाजाच्या यंत्राला कुणाचा धक्का लागलाय का? किंवा त्यावर शेवाळ वगैरे? तो सतत लाल दाखवतो. बाकी सगळं नीट आहे. सहज विचारलं.

दिएप


राच दुआ
१७ फेब्रुवारी

दिएप,

मी स्वतः जाऊन बघितलं. धाकट्याचं यंत्र पुसल्यासारखं स्वच्छ आहे. तिथल्या लोकांची कुरकुर चालू आहे की पाणी गोड लागतं आणि स्क्रीन लाल, पण मी त्यांना गप्प केलं. बैठकीत ठरलं ते ठरलं. त्यांचं दार बंदच आहे.

आज सकाळी दुसऱ्या दरवाजाला हिरवं आलं, ०.३. अशी संधी पुनवेआधी परत येणार नाही, म्हणून संघातर्फे मी सही केली आणि दार उघडायला सांगितलं. त्या दरवाजामागे चौथेकाकांची स्वतःची बाग आहे आणि तिला लागून सातवीकाकूची. मला धास्ती होती की काका वाद घालतील. पण एक शब्द बोलले नाहीत. पाण्याशी वाकून हात-तोंड धुतलं, उठले आणि चाक फिरवलं. शेवटी माणूस नवं स्वीकारतो, नाही का? मला खरंच बरं वाटलं. सातवीकाकूने सगळ्यांना नारळपाणी पाजलं.

संध्याकाळपर्यंत पाट काठोकाठ भरले होते. तुझे आभार मानायला बांनी सांगितलंय. हे मी लिहितेय, तारीख टाकून ठेव.

दुसरीताई


राच दुआ
२० फेब्रुवारी, सकाळी

दिएप,

कृषी खात्याची बाई हातातलं मीटर घेऊन आली होती. सातवीकाकूच्या पाटात १.८. काकांच्या पाटात १.९. तीन दिवस ते पाणी झाडांच्या मुळाशी आहे आणि काकूने दोनदा शिंपलंसुद्धा. कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी झाल्यात.

तुझ्या स्क्रीनवर दुसरा दरवाजा अजून हिरवा आहे.

काकू पाटाच्या कडेला बसलीय, उठत नाही. तिचं या बागेशिवाय काही नाही, तुला माहीत आहे. लोक माझ्या अंगणात जमलेत आणि मला विचारतायत की सही कुणाची. माझी आहे. पण हिरवं कुणाचं होतं?

उत्तर दे. "बरं" नको. आज ताई म्हणून नाही, नुसत्या नावाने सही करतेय.

थोआ


सैगॉन
२० फेब्रुवारी, दुपारी सव्वादोन

दुसरीताई,

चूक माझी आहे. आधी काय करायचं ते सांगते, शिव्या मग द्या.

धाकटा दरवाजा आत्ता उघडा. तो समुद्रापासून सगळ्यात लांब आहे, तिथलं पाणी सगळ्यात गोड आहे. ते आतल्या कालव्यातून खाली सोडा आणि ओहोटीला दुसऱ्या दरवाजाने खारं पाणी बाहेर काढा. पाट धुऊन घ्या. परवा दुपारपर्यंतच वेळ आहे. पुनवेची भरती चढली की धाकट्यालाही मीठ लागेल आणि मग धुवायला पाणीच उरणार नाही.

आता काय झालं ते. तुमची मेल वाचून मी आलेख परत उघडला. समुद्राचं मीठ खालून वर येतं, तर ते आधी नदीच्या तोंडाजवळ दिसायला हवं. माझ्या स्क्रीनवर ते रोज आधी धाकट्याला दिसत होतं. मी तंत्रज्ञाला फोन केला, एक नंबरचं यंत्र कुठे टांगलंय? तो म्हणाला, "अगदी तोंडावर. ज्या दारावर मोठ्ठा दोन रंगवलाय, त्यावर."

तुम्ही घरातल्या थोरल्या आणि सगळं गाव तुम्हाला दुसरी म्हणतं. दक्षिणेत थोरल्याला पहिलं म्हणत नाहीत, नजर लागते म्हणून मोजणी दोनापासून करतात. लग्न होऊन दोन वर्षं झाली, रोज दुसरीताई म्हणते, मला हे माहीत आहे. पण तुम्ही दरवाजांनाही पोटच्या पोरांसारखं मोजत असाल हे माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्याकडे एक म्हणजे एक. त्यामुळे दुसऱ्या दरवाजाच्या चौकटीत तिसऱ्याचा आकडा दिसत होता, तिसऱ्याच्या चौकटीत चौथ्याचा, चौथ्याच्या चौकटीत धाकट्याचा. आणि धाकट्याच्या चौकटीत तोंडावरचं मीठ. तिसऱ्या-चौथ्याला पाणी गोडच होतं म्हणून तिथे निभावलं. दुसऱ्याला नाही.

अजून एक आहे, ते लपवत नाही. धाकट्याचं वागणं विचित्र आहे हे मला ३ फेब्रुवारीलाच दिसलं होतं. वाटलं यंत्र बिघडलं असेल. तुम्हाला सरळ विचारायला हवं होतं की कुठला दरवाजा कुठे आहे. पण म्हटलं, बा म्हणतील सुनेला चार चौकटीही जमल्या नाहीत. म्हणून अकरा दिवस गप्प बसले आणि नंतर "किरकोळ" म्हणून विचारलं.

स्क्रीन मी बंद केलीय. आकडे बरोबर जोडायला दहा मिनिटं लागली, पण आज माझ्या हिरव्यावर कुणी का विश्वास ठेवावा? चौथेकाकांना धाकट्या दरवाजावर न्या. त्यांना चाखायला सांगा. ते म्हणतील तसं करा.

दिएप


राच दुआ
२२ फेब्रुवारी

दिएप,

दोन दिवस पाठ टेकलेली नाही, त्यामुळे जसं सुचेल तसं लिहिते.

तुझी मेल मी अंगणातच मोठ्याने वाचली. वाचायची नव्हती, पण लोक हलेनात. शेवटपर्यंत वाचली, ते ३ फेब्रुवारीचंही. एकजण म्हणाला, "म्हणजे जे लाल होतं ते हिरवं? आणि उद्या म्हणेल, चुकलं, लालच होतं?" दुसरा म्हणाला, "उत्तरेची पोर. तिला काय, तिची बाग आहे का इथे?" बा उभे राहिले. मला वाटलं ते तुझी बाजू घेतील. ते म्हणाले, "बाग आहे. माझी आहे ती तिची नाही का?" आणि परत बसले. एवढंच.

धाकट्यामागे तेहतीस घरं आहेत. त्यांनी दारावर माणसं उभी केली. त्यांच्या बागा शाबूत होत्या, त्या का धोक्यात घालतील? मी चौथेकाकांकडे गेले. ते पायरीवर बसून जाळं विणत होते.

"काका, चला. पाणी बघायचंय."

"यंत्र बघेल."

"यंत्र चुकलं."

"मग त्याला ताप असेल. मलाही आला होता."

मी तिथेच उभी राहिले. म्हटलं, "त्या दिवशी बैठकीत मी हसले. नको होतं हसायला." त्यांनी जाळं खाली ठेवलं आणि चपला घातल्या.

धाकट्या दरवाजावर शंभरएक माणसं होती. काका खाली उतरले. ओंजळ तोंडात घेतली, थुंकली. दुसरी घेतली. तिसरी. मग वर आले आणि दारावरच्या माणसाला म्हणाले, "बाजूला हो." तो म्हणाला, "काका, नक्की?" काका म्हणाले, "पाणी गोड आहे. खोटं ठरलं तर याच कालव्यात मला ढकल." चाक त्यांनी एकट्याने फिरवलं. कुणाला हात लावू दिला नाही.

दोन ओहोट्या पाट धुतले. काल संध्याकाळी बाईचं मीटर काकूच्या पाटात ०.४ दाखवत होतं. आज दुपारी धाकट्याच्या पाण्यातलं मीठही चढायला लागलं आणि काकांनी दार लावलं. म्हणजे जेमतेम साधलं. कुठली झाडं जगतील ते पंधरा दिवसांनी कळेल.

एक माझंही ऐक. तू १७ जानेवारीला लिहिलं होतंस, "चुकलं असेल तर कळवा." मी तो भाग वाचलाच नव्हता. काल शोधून वाचला. वाचला असता तर एका ओळीत कळलं असतं. हे मी अंगणात सांगितलं नाही. तुला सांगतेय.

सातवीकाकूला काय लिहायचं ते तू ठरव.

दुसरीताई


राच दुआ
१२ मार्च

दिएप पोरी,

मी चौथा. पत्र लिहायची सवय नाही. थोआला सांगून ते फोनवरचं लिहून घेतलं असतं, पण हे तिच्या हातून नको. म्हणून कागदावर लिहून टपालाने पाठवतोय.

तुला हिशेब कळायला हवा. सातवीची एकतीस झाडं होती, तेवीस गेली. माझी नऊ गेली. उरलेली जगतील, पण यंदा फळ नाही.

तू सातवीला लिहिलेलं पत्र आलं. तिचा चष्मा फुटलाय, म्हणून तिने मला वाचायला बोलावलं. मी मोठ्याने वाचलं. तू लिहिलंस की चूक माझी एकटीची आहे, दुसऱ्या कुणालाही बोल लावू नका. ते वाक्य तिने मला परत वाचायला लावलं. मी परत वाचलं.

ते वाक्य खोटं आहे.

त्या सकाळी दार उघडण्याआधी मी पाण्याशी वाकलो ते थोआला वाटलं तोंड धुतोय. मी पाणी चाखलं होतं. खारट होतं. ताप नव्हता, तोंडाला चव होती. आजूबाजूला माणसं फोन वर करून हिरवं दाखवत होती. बोललो असतो तर म्हणाले असते, म्हाताऱ्याला राग आलाय. मला राग होताच. मनात म्हटलं, घ्या तुमचं हिरवं. वीतभर उघडतो, पाट जरा खारट होऊ देतो, मग सगळ्यांना चाखवतो. होऊ दे फजिती. नंतर बंद करीन.

बंद करायला गेलो तर भरतीचा जोर एवढा की चाक उलटं फिरेना. कुणाला हाक मारायची म्हणजे का ते सांगायचं आलं. मारली नाही. बघत बसलो. वीतभराच्या फटीतून संध्याकाळपर्यंत पाट भरले.

लोक आता मला मान देतात. परवा संघाने ठरवलं की स्क्रीन परत चालू करायची आणि माझी जीभ हो म्हणेल तरच दार उघडायचं, दोन्ही लागतील. टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून बसलो, तर म्हणाले, काका किती साधे आहेत!

पत्र वाचून झालं तेव्हा सातवी म्हणाली, "एवढ्या लांबून पोरीने कबूल केलं. इथे असती तर जेवायला घातलं असतं." मी चहा पिऊन उठलो. काल परत गेलो. ती मेलेली झाडं तोडत होती. तिच्या हातातून कोयता घेतला आणि सात झाडं तोडून दिली. ती म्हणाली, "दादा, तुमची नऊ गेली आणि तुम्ही माझी तोडताय." तेव्हाही मला बोलता आलं नाही.

हे आधी तुला लिहितोय, कारण तुझ्याकडे लिहून गेलं की मला मागे फिरता येणार नाही. आता पाकीट पेटीत टाकतो आणि तिथून सरळ सातवीकडे सांगायला जातो.

चौथा